गारगोटीच्या मुलखातली पाहुणी

प्रवासवर्णन लिहायचं तर आधी विमानात बसावं लागतं, एवढं मलाही कळतं. पण माझ्या प्रवासात विमानात बसली ती दुसरीच बाई. मी चिकलठाण्याच्या विमानतळावर नावाची पाटी धरून उभी होते, आणि पुढचे पाच दिवस स्वतःच्याच जिल्ह्यात परदेशात आल्यासारखी फिरले. तीस वर्षं मी जमीन-मोजणीच्या कार्यालयात काढली. जिल्ह्यातल्या गावांची नावं मला तालुक्यांसकट पाठ आहेत, त्यांचे नकाशे मी डाव्या हातानं उलगडून उजव्या हातानं गुंडाळलेत. पण निम्मी गावं मी फक्त कागदावर पाहिली होती. तेव्हा हे वर्णन न गेलेल्यांसाठी आहे असं म्हणताना मी माझाही समावेश त्यात करते.

पाहुणीचं नाव डोरिस. माझी मुलगी मंजिरी न्यूयॉर्क राज्यात मोहॉक नावाच्या नदीकाठी एका गावात नोकरीला आहे. डोरिस राहते तिथून बरीच उत्तरेला, तिच्या स्वतःच्या लोकांच्या शाळेत शिकवते आणि दर उन्हाळ्यात चार दिवस त्या नदीकाठी येऊन राहते. तिथं दोघींची मैत्री झाली. डोरिस मोहॉक आहे, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी, आणि नदीला नाव तिच्या लोकांवरून पडलं आहे. मंजिरीनं फोनवर हे सांगितल्यावर माझ्या नवऱ्यानं मोबाइलमध्ये शोधलं आणि रेशनची यादी वाचावी तसं वाचून दाखवलं: नदी, जमात, भाषा, केसांची एक तऱ्हा, एक लष्करी विमान आणि बर्फावरच्या स्केटिंगमधली एक गिरकी. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यानं विचारलं, यातलं आपल्याकडे नक्की काय यायचंय.

दिवाळी उलटून पंधरा दिवस झाले होते, फराळाचे डबे तळाला लागले होते. आली ती पासष्टीच्या उंबरठ्यावरची, ठेंगणी, पांढऱ्या वेणीची, सारखी हसणारी बाई. उरलेल्या चकल्यांचा भुगा तिनं चमच्यानं खाल्ला.

संभाजीनगर

पहिल्याच संध्याकाळी आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनसमोर ती थबकली. बाहेरच्या फलकावर सहा पोरांचे फोटो, प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळी करामत. एकाच्या डोक्याच्या दोन्ही बाजू तासलेल्या आणि मधोमध कोंबड्याचा तुरा. खाली ठळक अक्षरांत मोहॉक. डोरिस सरळ आत गेली, मागोमाग मी. खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसासकट वळून बघायला लागलं.

सलूनवाल्याला मी सांगितलं की या बाई खऱ्याखुऱ्या मोहॉक आहेत. त्यानं तिच्या वेणीकडे पाहिलं, मग फलकाकडे, आणि मला हळूच विचारलं की मग यांनी तो कट का नाही मारला. डोरिसला हे सांगितल्यावर ती इतकी हसली की तिला बाकावर बसावं लागलं. तिनं समजावलं की तिच्या पूर्वजांपैकी लढणारे पुरुष डोक्यावरचे केस उपटून काढत आणि टाळूवर एक छोटा चौकोन तेवढा राखत. कपाळापासून मानेपर्यंतचा तुरा सिनेमावाल्यांनी त्यांच्या डोक्यावर बसवला.

“म्हणजे शेंडीच की,” मी म्हणाले.

सलूनवाला विचारात पडला. फलकावर शेंडी लिहिलं तर एकही पोरगं दुकानात पाऊल टाकणार नाही, असं त्याचं म्हणणं पडलं, आणि फलक आहे तसाच राहिला.

परतताना तिनं आमच्या शहराचं नाव विचारलं. मी छत्रपती संभाजीनगर सांगितलं. पाच दिवसांसाठी ठरवलेल्या गाडीचा चालक शफीक, मूळचा सिल्लोडचा, दाराशी गाडी पुसत होता; तो सवयीनं औरंगाबाद म्हणाला. रात्री जेवताना नवऱ्यानं त्याच्याही आधीचं खडकी काढलं. डोरिस म्हणाली, मोहॉक हे नावही त्यांच्या वाकड्यातल्या शेजाऱ्यांनी ठेवलेलं आहे आणि त्याचा अर्थ काही चांगला नाही. त्यांच्या स्वतःच्या भाषेत ते स्वतःला गारगोटीच्या मुलखातले लोक म्हणवतात. ज्या दगडावर ठिणगी पडते तो दगड. आमच्या चकमकीतला.

सिल्लोड, अजिंठा

अजिंठ्याच्या लेण्यांबद्दल मी लिहिणार नाही. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे, आणि त्यातल्या काहींनी लेणी पाहिलीसुद्धा आहेत. माझ्या लक्षात राहिला तो रस्ता. सिल्लोडच्या अलीकडे डांबराच्या कडेला मका वाळत घातलेला, पिवळाधमक. डोरिसनं शफीकला गाडी थांबवायला लावली आणि चप्पल काढून दाण्यांच्या कडेला उकिडवी बसली. तिनं मूठभर दाणे उचलून वास घेतला. एवढ्या मक्याचं तुम्ही काय काय करून खाता, असं तिनं विचारलं. शफीकनं खरं ते सांगितलं की जास्ती माल मुर्गी के दाने कू जाता. मी ते भाषांतर करताना जरा सौम्य केलं, तरी तिचा चेहरा उतरलाच. त्यांच्याकडे मका, घेवडा आणि भोपळा एकाच खड्ड्यात लावतात आणि तिघींना बहिणी म्हणतात. बहिणीला कोंबड्यांपुढे टाकल्यासारखं तिला वाटलं असावं. मग शफीकच्या ओळखीच्या हॉटेलात आम्ही कणीस भाजून घेतलं, त्यावर लिंबू-तिखट चोळलं, आणि तिघींपैकी थोरलीचा मान थोडाफार राखला गेला.

लेण्यांच्या पायथ्याशी चमकदार दगड विकणारे असतात. आपल्या डोंगरांच्या पोटातून निघणारे, आत जांभळे-पांढरे स्फटिक असलेले. एकानं डोरिसला घेरलं. तिनं काही घेतलं नाही, उलट आपल्या कोटाच्या खिशातून एक दगड काढून त्याच्या हातावर ठेवला. कोंबडीच्या अंड्याएवढा, करडा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. विक्रेत्यानं तो उन्हात धरला, थुंकी लावून पुसला आणि परत केला. याचे काही येणार नाहीत, असं तो सहानुभूतीनं म्हणाला.

परतीच्या वाटेवर तिनं त्या दगडाची हकिकत सांगितली. तिचे वडील लोखंडी पूल आणि उंच इमारतींच्या तुळया जोडणारे कामगार होते. त्यांच्या लोकांत हे काम पिढीजात आहे, आणि तिचा भाऊही तेच करतो. मोहॉक नदीचं खोरं एके काळी त्यांचं होतं. आता ते तिथं पाहुण्यासारखे जातात. एका पुलाच्या कामावर असताना वडिलांनी काठावरून हा दगड उचलला आणि पुढं कामावर कितीही उंच चढले तरी तो खिशात राहिला. ते गेल्यावर तो डोरिसकडे आला. खोऱ्यातली त्यांच्या घराला मिळालेली जमीन म्हणाल तर एवढीच, असं ती म्हणाली. आणि मी मोजणी कार्यालयातली बाई! मी तिला पाण्याची बाटली दिली.

शाळेतल्या मुलांनी तिला एकदा विचारलं होतं, बाई, आपण जर गारगोटीचे लोक, तर तुम्हाला गारगोटीवर विस्तव पाडता येतो का? तिला येत नव्हता. तिनं मोबाइलवरचे धडे पाहून महिनोन्महिने खटपट केली, बोटं सोलून घेतली, ठिणगी काही पडली नाही. जूनमध्ये ती निवृत्त होणार होती आणि त्याआधी पेटवून दाखवीन असा शब्द मुलांना देऊन बसली होती. हे तिनं हसत सांगितलं, पण दगड मुठीत घट्ट धरून.

पैठण, पाचोड

चौथ्या दिवशी पैठण. जाताना चितेगावचे कारखाने, मग एकदम उसाचा पट्टा. पैठणीचे माग पाहून झाले. एका मागावरच्या बाईनं डोरिसची वेणी हातात घेऊन सोडली आणि झरझर पुन्हा घालून दिली, आधीची सैल होती म्हणून. गोदावरीत पाय बुडवले. परतताना त्याच रस्त्यानं कंटाळा येईल म्हणून शफीकनं गाडी पाचोडकडे घातली.

पाचोडच्या अलीकडे एका कापूस वेचून झालेल्या रानात मेंढरं बसवली होती आणि कातरणी चालली होती. चार-पाच माणसं, पायांत मेंढरू धरलेलं, हातात मोठाली कातर. त्यातलं एक मेंढरू अर्ध्यातून निसटलं. दोन्ही कुशी साफ, आणि पाठीच्या कण्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत लोकरीचा उभा तुरा. ते तसंच रस्त्यावर, आमच्या गाडीसमोर येऊन उभं राहिलं आणि गंभीरपणे बघायला लागलं.

“मोहॉक,” डोरिस म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. ती डोळे पुसत गाडीतून उतरली. शफीक मागून आलेल्या म्हाताऱ्याला समजावू लागला, “चाचा, बुरा नक्को मानो, मैडम भेड़ कू देखके हसरे.”

म्हाताऱ्याचं नाव लिंबाजीबाबा. सत्तरी कधीच ओलांडलेली, अंगात बंडी, डोक्याला लाल मुंडासं, मिशा लोकरीच्याच रंगाच्या. हसण्याचं त्याला काही वाटलं नाही. मेंढरू त्यानं एका हातानं उचललं आणि आम्हाला चहाला बोलावलं. त्याच्या बायकोनं, सोनाबाईनं, मेंढीच्या दुधाचा चहा केला. तो इतका दाट होता की डोरिसनं तो सूप समजून फुंकून फुंकून संपवला आणि दुसरा मागितला. मग बाजरीची भाकरी आणि ठेचा आला. ठेच्यानं तिच्या डोळ्यांतून पाणी काढलं, तरी तिनं भाकरी सोडली नाही, हे पाहून सोनाबाईनं तिला आपल्यात जमा केलं.

जेवण झाल्यावर लिंबाजीबाबानं कमरेची चंची सोडली. पानाचं सामान बाजूला सारून आतून एक गारेचा तुकडा, एक वाकवलेली पोलादी पट्टी आणि जळक्या कापसाची डबी काढली. दगडाच्या कडेवर कापूस अंगठ्यानं दाबला, पट्टीचा एक तिरका फटका मारला आणि कापसावर लाल टिकली उमटली. ती त्यानं चिलमीत ठेवली. बापाची पट्टी आहे, वाऱ्यापावसात कधी दगा देत नाही, असं काहीसं तो सांगत होता. पण मी डोरिसकडे बघत होते. ती गुडघ्यांवर सरकत त्याच्या अगदी समोर जाऊन बसली होती.

तिनं खिशातला दगड काढला आणि मला म्हणाली, विचार ना यांना, यावर होईल का. आता इथं जे झालं त्याचा दोष माझा आहे आणि मी तो कुणावर ढकलणार नाही. दगडाची सगळी हकिकत मला माहीत होती. तीस वर्षं लोकांच्या अर्जांतून नेमकं कामाचं तेवढं उचलायची सवय लागलेली, त्या सवयीनं मी एवढंच म्हणाले, “बाबा, यांचा दगड बघा बरं, चालतो का.”

त्यानं दगडावरून अंगठा फिरवला. धारच नाय, म्हणाला. आणि कुठलाही मेंढपाळ जे करील ते त्यानं केलं. दगड एका धोंड्यावर ठेवला, कुऱ्हाड उलटी धरली आणि तुंब्याचा, म्हणजे तिच्या बोथट पाठीचा, एक नेमका ठोका दिला. दगडाचे सरळ दोन तुकडे झाले.

डोरिसच्या तोंडून बारीक आवाज निघाला, मेंढराचा निघतो तसा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घाईघाईनं सांगून टाकलं, की तो तिच्या वडिलांचा दगड आहे, ते गेले, त्यांच्या सुटलेल्या मुलखातला हा एवढाच आहे. ऐकता ऐकता लिंबाजीबाबानं कुऱ्हाड बाजूला ठेवली. त्यानं डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर घेतलं.

“आदी सांगावं की नाय, बाई,” तो मला म्हणाला. “मी रोजचा दगुड समजून फोडला.”

सोनाबाईनं पदर तोंडाला लावला. शफीक मान खाली घालून उभा. डोरिसनं दोन्ही तुकडे उचलले आणि कितीतरी वेळ आतल्या बाजूकडे बघत राहिली. बाहेरून करडा दिसणारा तो दगड आत काळा, ओल्या काचेसारखा चकचकीत होता, मधून एक पांढरी रेघ गेलेली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, वडिलांनी हे कधी पाहिलं नाही. ती रडत होती. मग तिनं एक तुकडा लिंबाजीबाबापुढे धरला आणि खुणेनं म्हणाली, पेटवा.

त्यानं हात मागे घेतला. आता माझ्या हातानं नको, म्हणाला. पण पोलादी पट्टी आणि कापसाची डबी त्यानं तिच्यासमोर ठेवली आणि दोन हात मागे सरकून बसला.

मग शिकवणी सुरू झाली. तो मराठीत सांगायचा, मी इंग्रजीत, आणि शफीक मध्येच दोघांनाही दुरुस्त करायचा. कापूस कडेच्या अगदी वर. फटका दगडावर नाही, दगडाच्या धारेवरून. पहिल्या दहा-बारा फटक्यांत फक्त खरखर झाली. तिच्या बोटाच्या पेराला लागलं, रक्त आलं. सोनाबाईनं हळद आणली, पण डोरिस नको म्हणाली. लिंबाजीबाबाला शिकवताना हात लावायचा नव्हता, म्हणून तो आपलाच रिकामा हात हवेत झुलवून दाखवत होता.

“मनगट ढिलं सोड, माय,” तो म्हणाला. “लोखंडाला त्याचं काम करू दी.”

मी सांगितलं. तिनं खांदे पाडले, श्वास सोडला आणि मारलं. फुटलेल्या कडेवरून ठिणग्यांचा झुबका निघाला. त्यातली एक कापसात बसली आणि लाल होत पसरत गेली. “पकड़ लिया,” शफीक कुजबुजला. डोरिसनं ती टिकली ओंजळीत धरून फुंकली. सोनाबाईनं वाळकी काडी पुढे केली, जाळ निघाला, आणि त्या जाळावर आमचा तिसरा चहा झाला.

निघताना लिंबाजीबाबानं ती पट्टी डोरिसच्या हातात दिली. मी नको नको म्हणाले, त्याच्या बापाची आहे म्हणाले. त्यानं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. तिच्या बापाचं माझ्या हातनं गेलं, आता माझ्या बापाचं तिच्याकडं जाऊ दी, एवढंच तो पुटपुटला. डोरिसनं दगडाचा एक तुकडा त्याच्या चंचीत घातला, दुसरा आपल्या खिशात. शफीकनं लिंबाजीबाबाच्या मुलाचा फोन नंबर घेतला. गाडी बीडच्या मोठ्या रस्त्याला लागली, आणि आडूळजवळ डोरिसला ते मेंढरू आठवलं आणि ती पुन्हा हसायला लागली.

पुन्हा पाचोड

प्रवास खरं तर इथं संपला. पण मे महिन्यात मंजिरी सुट्टीवर आली, आणि तिच्या बॅगेत माझ्यासाठी मागवलेल्या बदामांखाली एक जड पुडकं होतं. पाचोडच्या बाजाराच्या दिवशी शफीकला घेऊन मी ते पोचवायला गेले. लिंबाजीबाबा बाजाराच्या कडेला, लिंबाखाली बकरी विकत घेणाऱ्यांशी हुज्जत घालत बसला होता. चिलीम तोंडात होती, पण ती पेटवायला प्लॅस्टिकचा लायटर, आणि तो दर फुंकरीला विझत होता. शेजारी सोनाबाई त्याला बोलत होती, दे आणखी बापाचं लोखंड लोकांला.

पुडक्यात एक पोलादी पट्टी होती, त्याच्या जुन्या पट्टीसारखीच वाकवलेली. डोरिसच्या वडिलांच्या हत्यारांत एक झिजलेली कानस होती. ती तापवून तिच्या भावानं ही घडवली होती, आणि कानशीचे बारीक दात एका बाजूला अजून दिसत होते. मी या वेळी सगळं सांगितलं, काहीही गाळलं नाही. ऐकून त्यानं पट्टी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, चंचीतून डोरिसचा तुकडा काढला आणि फटका मारला. पहिल्याच फटक्याला लागलं.

मग त्यानं विचारलं, तिच्या शाळंत पेटलं का?

मी मोबाइल काढला. डोरिसनं मंजिरीला पाठवलेली चित्रफीत तिनं माझ्या फोनवर घालून दिली होती. शाळेचं मैदान, गोल बसलेली मुलं, मधोमध डोरिस. पहिला विस्तव तिनं पाडला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग तिनं दगड आणि लिंबाजीबाबाची पट्टी समोरच्या मुलीच्या हातात दिली. आठ-नऊ वर्षांची, दात पडलेली, ओठ घट्ट मिटलेली मुलगी. तिनं मारलं, काही नाही. पुन्हा मारलं, काही नाही. बाजाराच्या कलकलाटात आवाज ऐकू येत नव्हता. लिंबाजीबाबा पडद्यावर इतका वाकला की त्याचं मुंडासं माझ्या हनुवटीला लागलं. मुलगी मारायची तसतसं त्याचं उजवं मनगट हलायचं. पाच झाले, सहा झाले. मुलीचे डोळे भरून आले.

“मनगट ढिलं सोड, माय,” तो मोबाइलला म्हणाला.

हे तीन आठवड्यांपूर्वी होऊन गेलेलं आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. पडद्यावर त्या मुलीनं हाताच्या पाठीनं डोळे पुसले, खांदे पाडले, आणि मनगट ढिलं सोडलं.